फोरमन भाऊंचा शब्द

गडचिरोलीकडच्या आमच्या लोहखनिजाच्या प्लांटमध्ये मशिनींच्या घरघरीमुळे सगळेच ओरडून बोलत. फोरमन भाऊ मात्र कधी ओरडले नाहीत. ते जवळ येत, कानाशी वाकून बोलत. त्यामुळे प्रत्येकाला वाटे, भाऊ हे फक्त आपल्यालाच सांगताहेत.

मी ढिवराची, मासे धरणाऱ्यांची पोर. आयटीआय करून आले तेव्हा फेसाच्या टाक्यांवर बाईमाणूस घ्यायला कोणी तयार नव्हतं. भाऊ म्हणाले, इले माह्या शिफ्टले द्या. दळलेलं खनिज टाकीत पाणी आणि रसायन घालून घुसळायचं, हवा सोडायची. वाळू फेसाला चिकटून वर येते, लोखंड खाली राहतं. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार बघून, व्हॉल्व्ह फिरवून हवा आणि रसायन कमी-जास्त करायचं. माझा हात घाई करी. भाऊ रागावत नसत. "एक डाव फिरव आन् थांब. टाकीले उत्तर द्याले वेळ लागते," एवढंच म्हणत.

दुपारी ते स्वतःचा डबा शेवटी उघडत. आधी सगळ्यांच्या डब्यातला एकेक घास. माझ्या आईच्या हातचे झिंगे त्यांना फार आवडत, म्हणून आई त्यांच्यासाठी वेगळी वाटी भरून देई.

मग टाक्यांवर कॅमेरे बसले. बाहेरून आलेल्या इंजिनिअरांना संगणकाला फेस ओळखायला शिकवायचं होतं. पडद्यावर फेस दिसे. तो चांगला की वाईट, आणि अशा वेळी आपण काय केलं असतं, ते आम्ही सांगायचं. सगळेच कचरत होते. भाऊ एकेकाजवळ गेले. माझ्याही कानाशी आले.

"शिकव बिनधास्त. कोणाचंच काम जाणार नाई. माहा शब्द हाये."

मी सगळा हिवाळा त्या पडद्यासमोर बसले. जे होतं नव्हतं ते सगळं सांगितलं.

उन्हाळ्यात संगणक आपणच हवा-रसायन सोडू लागला, आणि चांगलं सोडू लागला. शिफ्टला आम्ही पाच जण असायचो, तिथे एक उरला. बाकीच्यांना ठेकेदाराने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यात मीही होते. भाऊ कंट्रोल रूमचे इन्चार्ज झाले.

मी त्यांना सायकल स्टँडवर गाठलं. विचारलं, "भाऊ, तुमाले माहीत होतं?"

"होतं. पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी शिकवलं असतं का?"

आवाज तोच होता, हळू, मायेचा. ते खोटं बोलले असते तर मला कमी लागलं असतं. दुसरीकडे कुठे लावून देतो, असंही म्हणाले. मी सायकल काढून निघाले. घरी आई बरेच दिवस विचारत राहिली, भाऊले झिंगे धाडू का? मी नाही म्हणायची, का ते सांगायची नाही.

पुढे घुग्घुसला कोळसा धुण्याच्या कारखान्यात मुलाखतीला गेले. तिथेही फेसाच्याच टाक्या होत्या. काम कोणाकडे शिकलात, असं तिथल्या साहेबांनी विचारलं. मी भाऊंचंच नाव सांगितलं. साहेबांचा चेहरा खुलला. त्यांची माणसं पक्की असतात, म्हणाले, आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

बाहेर येऊन धुळीच्या रस्त्यावर मोबाइल काढला. भाऊंचा नंबर मी केव्हाच पुसून टाकला होता. पण तो मला पाठ होता. शेवटच्या आकड्यापर्यंत दाबला, आणि न लावताच फोन परत पिशवीत ठेवून दिला.