पायातला जोर

करडीच्या तेलात लसूण तडतडला की मला नांदेडच्या दवाखान्यातली ती खाट आठवते. विहिरीत पडून मणका मोडल्यापासून माझ्या धाकट्या भावाचे पाय लाकडासारखे ताठ होऊन एकमेकांत अडकायचे. तो कळवळायचा आणि आमचे वडील, आबा, ते लसणाचं तेल चोळत म्हणायचे, "जोर हाय अजून पायात. उठंल पोरगं एक दिस." दवाखान्यात त्या सकाळी डॉक्टरांनी त्याच्या पाठीच्या कण्यात सुईनं औषध सोडून पाहिलं. दुपारी पाय सैल पडले आणि भाऊ कधी नव्हे तो शांत झोपला. हेच औषध कण्यात सोडत राहणारं यंत्र पोटात बसवू, असं डॉक्टर खुशीत म्हणाले. पण आबांनी पाय उचलला, तर तो भिजलेल्या धोतरासारखा हातातून निसटला. "साहेब, होता नव्हता तेवढा जोर गेला की!" तो ताठपणा म्हणजे जोर नव्हे, दुखणं आहे, हे डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. संध्याकाळी औषध उतरलं, पाय पुन्हा ताठले, भाऊ ओरडला, आणि आबा रडत रडत हसले, "आला रं, जोर आला!" यंत्र बसवलंच नाही. आता आबा नाहीत, तेल मी चोळते. पाय ताठले की भाऊ दात आवळून भिंतीकडं बघत म्हणतो, "आक्का, आला बघ जोर."