कुंकू लागलेली टेप

"पुसलं नाहीये ना? मग आहे!" असं म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि शोधायला लागायच्या. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागाच्या जुन्या टेपा त्यांच्या ताब्यात होत्या. ताटलीएवढी गोल रिळं. पगार, हजेरी, सगळं त्यांच्यावर उतरवून बाई कपाटात लावून ठेवायच्या. पण कोणाची छत्री हरवली तरी उत्तर तेच. मला वैताग यायचा. अहो बाई, छत्री कोण पुसतं?

डोंबिवलीहून यायच्या. तोंड असं की साहेबसुद्धा दबकून असत. टेपांच्या खोलीत मी चहा घेऊन गेलो, की "आधी कप बाहेर, मग तू आत!" आणि दुपारी जेवताना याच बाई माझ्या पानात गुपचूप अळूवडी सरकवायच्या. मी खोली घेऊन एकटा राहायचो ना, म्हणून.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची, तुम्हीही पाहिली असेल. लेथला झेंडूचा हार, मोटारीला गंध. बाई टेपांची पूजा करायच्या. खोक्यांना कुंकू लावा म्हटलं, तर म्हणाल्या, "खोकं काय काम करतं रे? काम आतली करते." आणि खोकी उघडून थेट रिळांवर हळद-कुंकू वाहिलं. आम्ही प्रसादाचे पेढे खाऊन घरी गेलो.

पुढे बाळारामची केस उभी राहिली. बाळाराम कोपरीचा, पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. त्या खंडेनवमीच्या आधीच प्रेसखाली त्याचा उजवा पंजा गेला होता, तो मनगटापासून. कंपनी म्हणाली, त्या दिवशी हा रजेवर होता, हात बाहेर कुठेतरी गेला, भरपाई कसली? ज्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं, त्यांनाही काही आठवेना. हजेरीची कार्डं म्हणे पावसात भिजली. कामगार कोर्टाने हुकूम दिला, की कॉम्प्युटरमधली त्या महिन्याची हजेरी काढून आणा.

बाईंनी टेप चढवली. मशीन दोन गिरक्या घेऊन थांबलं. पुन्हा लावली, पुन्हा थांबलं. बाईंनी रीळ उजेडात धरलं. टेपेच्या कडेने आत लालसर भुकटी गेलेली.

साहेब तर खूश! "बाई, लिहून द्या, टेप वाचता येत नाही. खोटं थोडंच आहे?" मग आवाज उतरवून म्हणाले, "कुंकवाचं कुठे बोलू नका. यंदा तुमच्या बढतीचं चाललंय."

बाई म्हणाल्या, "साहेब, अजून मी पुसून कुठे बघितलंय?"

आईच्या जुन्या लुगड्याचा मऊसूत तुकडा त्यांनी घरून आणला. मी रीळ हाताने फिरवायचं, त्यांनी स्पिरिटमध्ये जेमतेम भिजवलेल्या चिंधीने टेप टिपत जायचं. जोर लावला, तर कुंकवाबरोबर टेपेवरचा तपकिरी थर निघणार आणि बाळारामची हजेरीही जाणार. माझा हात जरा वेगात गेला, की "अरे मेल्या, हळू! कोणाचा तरी पंजा आहे तो!" आठवडाभर दुपारचं जेवण आमचं राहिलंच. एवढ्या तोंडाळ बाई, पण त्या आठवड्यात त्यांचे ओठ सारखे पुटपुटत असायचे. देवाची माफी मागत होत्या की बाळारामची, मी विचारलं नाही.

टेप चालली. मधेमधे अडखळली, पण चालली. बाळारामच्या नावापुढे त्या दिवशीची आत आल्याची वेळ होती. बाहेर गेल्याची नव्हती.

कोर्टात आमच्याच कंपनीच्या वकिलाने बाईंना धारेवर धरलं. "टेपेवर कुंकू कोणी टाकलं?"

"मी. खंडेनवमीला."

"म्हणजे टेप बिघडवली तुम्हीच!"

"हो. आणि साफही मीच केली."

न्यायाधीशांनी हसू दाबत विचारलं, "पुन्हा लावाल कुंकू?"

"लावीन की. पण खोक्याला."

बाळारामला भरपाई मिळाली, गेटवर बसून करायचं कामही मिळालं. बाईंची बढती मात्र गेली. त्यांना गोदामात टाकलं, खिळे-बोल्ट मोजायला. मी चडफडलो, तर मलाच झापलं, "तुझं काय गेलं रे?"

काही वर्षांनी बाई आजारी पडल्या आणि फार लवकर गेल्या. मला ते अजून पटत नाही. डोंबिवलीला पोचलो तेव्हा तिरडी उचलली होती. भाऊ, भाचे पुढे होते. मागच्या बाजूला बाळाराम, डाव्या हाताने बांबू घट्ट धरून. उजव्या बाहीचं टोक रिकामं लोंबत होतं. वाटेत भाचे बदलले, भाऊ बदलले. मी पुढे होऊन म्हणालो, "बाळाराम, दे आता, दमला असशील."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नको ओ," एवढंच म्हणाला आणि चालत राहिला.