टेस्टरबाई आणि लाँड्रीची व्हॅन

तिला सगळे टेस्टरबाई म्हणत. गाडीतली वीज तपासायचा टेस्टर ती अंबाड्यात खोचून ठेवायची आणि मग गॅरेजभर तोच शोधत फिरायची. नवऱ्याने त्यावरून तिची टिंगल सुरू केली, गिऱ्हाइकांनी नाव उचललं आणि तिचं खरं नाव मागे पडलं.

काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. प्रेमाने नव्हे. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली, मुलाला तारांचा कंटाळा, तेव्हा घरात उरलेले हात हिचेच. सासरे गॅरेजमध्ये खुर्चीत बसून डाव्या हातातल्या काठीने दाखवायचे, आणि चुकलं की तीच काठी तिच्या बोटांवर बसायची. ती शिकली, चांगलीच शिकली. पण गिऱ्हाईक आलं की सासरे सांगत, "आमचा मुलगाच करतो सगळं. ही नुसती पक्कड-पाना देते."

एका सकाळी लाँड्रीवाला आपली जुनी व्हॅन घेऊन आला. मागे हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. हेडलाइट लावले की डॅशबोर्डवरचे ब्रेकचा, ऑइलचा, बॅटरीचा असे सगळे लाल दिवे एकदम पेटायचे.

"डोकं उठवलंय या दिव्यांनी," तो म्हणाला. "बंद करा. मला माल पोचवायचाय."

"आत्ता होईल, साहेब," म्हणत नवरा फोन घेऊन बाहेर गेला. टेस्टरबाई डॅशबोर्डखाली उताणी झाली. अर्थिंगची तार जिथे बॉडीला आवळलेली असते तिथला बोल्ट गंजून लाल झाला होता. तिने तो घासून लख्ख केला, पुन्हा आवळला. दिवे विझले. बॅटरीचा तेवढा राहिला.

"हा खोटा नाही," तिने आत आलेल्या नवऱ्याला सांगितलं. "अल्टरनेटर बॅटरी चार्जच करत नाहीये. आतले कोळशाचे ब्रश झिजले असणार. उघडायला लागेल."

"त्याला घाई आहे. तू वर जा, बाबांचं जेवण आण. मी बघतो."

ती ताट घेऊन खाली आली तेव्हा व्हॅन गेलेली होती.

"अहो, तो दिवा?"

"गेला," नवरा हसून म्हणाला.

सासऱ्यांनी ताटात डोकावून पाहिलं. "मीठ आणलंस का?"

दुसऱ्या दिवशी व्हॅन दोरीने ओढत आणावी लागली. बॅटरी संपून ती ऐन पुलावर बंद पडली होती. मागे गाड्यांची रांग लागली, लोकांनी लाँड्रीवाल्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि माल वेळेत न मिळाल्याने दोन हॉटेलांनी त्याला कायमचं काढून टाकलं. तो गॅरेजभर थयथयाट करत होता. टेस्टरबाईने डॅशबोर्डमधलं मीटर बाहेर काढलं. बॅटरीच्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेली होती. ती तिने नवऱ्यापुढे धरली.

नवऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "हिला शंभरदा सांगितलं, असले धंदे करू नकोस. बाईच्या हातात काम दिलं की हे असं होतं."

इतकी वर्षं जे काम मुलाचं होतं, ते त्या एका दिवसापुरतं तिचं झालं.

ती खुर्चीकडे वळली. "बाबा, तुम्ही इथेच होतात. सांगा ना."

झटक्यापासून सासऱ्यांची जीभ अडखळायची. तेव्हा नाही अडखळली. "हिनेच चिकटवली," ते म्हणाले.

"लाज वाटत नाही?" लाँड्रीवाला तिच्या अंगावर ओरडला. "मेलो असतो मी तिथे!"

तिने अल्टरनेटर उतरवला, ब्रश बदलले, परत बसवला. हात धुतले आणि कपड्यांची पिशवी घेऊन धाकट्या बहिणीकडे निघून गेली. कोणी अडवलं नाही.

नवरा मात्र गप्प बसला नाही. ज्या ज्या गॅरेजात ती काम मागायला जाई, तिथे तो आधीच जाऊन आलेला असे. "तू ती टेपवाली ना?" लोक विचारत आणि हसत. बहिणीच्या घरी मेव्हणा जेवताना तिच्या ताटाकडे बघून सुस्कारे सोडी. शेवटी तिने बहिणीच्या दारासमोर, फुटपाथवरच, स्कूटरचे हॉर्न आणि इंडिकेटर दुरुस्त करायला सुरुवात केली.

काही महिन्यांनी लाँड्रीवाला तिथे येऊन उभा राहिला. ऑइलचा दिवा जात नव्हता. "तुझ्या नवऱ्याने दोनदा ऑइल बदललं. त्याला काही जमत नाही."

तिने बॉनेट उघडलं. ऑइलच्या स्विचकडे जाणारी तार इंजिनला घासून उघडी पडली होती. ती तारेवर नवी नळी चढवत असताना तो बॉनेटला टेकून बोलत राहिला.

"त्या दिवशी टेप लावली ती नवऱ्यानेच. माझ्यासमोर दातांनी तोडली. मीच म्हटलं, दिवा दिसला नाही म्हणजे झालं."

तिचे हात थांबले. "मग शिव्या मला का घातल्यात?"

"चिडलो होतो. तो अंगावर आला असता. तू कुठे काय बोलणार होतीस?" त्याच्या आवाजात खेद नव्हता, लपवाछपवीही नव्हती.

"हे बाकीच्या गॅरेजवाल्यांना सांगाल?"

"कशाला जुनं उकरून काढायचं? माझी दुसरी गाडीपण पाठवतो ना तुझ्याकडे."

तार पकडीत धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. तोडली असती तरी दिवा विझलाच असता, आणि कोणाला कळलंही नसतं. मग तिने जोड पक्का केला, इंजिन चालू करून दिवा गेल्याचं दाखवलं.

दुसरी गाडी त्याने खरंच पाठवली. तिने घेतली, मेव्हण्याच्या घरात घास गिळायचा तर हाताला काम हवं होतं. मात्र लाँड्रीवाला गाडीपाशी उभा राहून गप्पा मारू लागला की ती इंजिन चालू करायची आणि त्याचं तोंड नुसतं हलताना दिसेल इतकी रेस वाढवायची.