चुडाव्याचे फोनवरचे पैसे

चुडाव्याला स्टेशनच्या रस्त्यावर सत्यशीलाबाईंचं किराणा दुकान होतं. ब्याण्णव साली त्यांनी तिथं फोन घेतला, एसटीडीची पिवळी पाटी लावली. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं, की गावाला बोलायची एवढी घाई नाही, पैशाची आहे.

गावातले गडी परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करत. त्यांची मनिऑर्डर रखडत यायची, आणि बंद-मोर्चा असला की यायचीच नाही. मोंढ्यात सत्यशीलाबाईंच्या भावाचं, भगवानरावांचं, ठोक दुकान होतं. गड्यानं पैसे तिथं भरायचे, भगवानरावांनी फोन करायचा, बाईंनी आपल्या गल्ल्यातून ते घरच्याला द्यायचे. तिकडं जमलेल्या पैशात बाईंचा किराणा यायचा. पैसा जागचा हलत नव्हता आणि तरी पोचत होता. वाऱ्यासारखा, न दिसता.

पुढं बायका त्यातले थोडे मागं टाकू लागल्या, आणि पोस्टात स्वतःच्या नावानं खातं काढायला सत्यशीलाबाईच त्यांना घेऊन जाऊ लागल्या. पण सुरुवातीलाच हे सगळं बुडायची वेळ आली होती.

नियम एकच होता : पाठवणाऱ्याचं नाव सांगेल त्याला पैसे. एका बाजारच्या दिवशी शेळ्या राखणारी कासाबाई आली. नवऱ्यानं, बन्सीधरनं, दुभत्या शेळीसाठी पैसे पाठवले होते. पाठोपाठ सासरा सटवाजी आला. त्याच पैशात टकरीचा मेंढा घ्यायचं त्याच्या डोक्यात होतं.

"कुणी पाठविले, कासाबाई?"

"घरच्यांनी."

"घरचे म्हंजे?"

"पोरांचे बाप. लय इचारू नका बाई."

"बन्सीधरनं," सटवाजी म्हणाला. "नाव मी घेतलं. नियम तुमचाच हाय. आणा इकडं."

बाकावरचे लोक हसले. कासाबाईनं पदर ओढून घेतला. बाजार उठत आला होता. नियम पाळावा तर पैसे भलत्याच हाती जाणार, आणि मग कोण गडी इथं विश्वास टाकणार? सत्यशीलाबाईंनी फोन उचलला.

"भगवानराव, बन्सीधर हाय का गेला?"

"हाय की. चहा प्यायलाय."

"द्या त्याच्याकडं." आणि त्यांनी रिसीव्हर कासाबाईच्या कानाला लावला.

"अवो," ती म्हणाली. "अवो, आयकायलाव का? मामा मेंढा म्हणायलेत."

तिकडून काहीतरी आलं. ती तोंड फिरवून हसली. मग भगवानराव बोलले, "सत्यशीला, देऊन टाक. गडी म्हणतो, हीच हाय. अशी हाक दुसरं कोन मारंल?"

"आजपासून नाव इचारायचं न्हाई," बाई भावाला म्हणाल्या. "पाठवणाऱ्यालाच फोनवर बोलवायचं. त्या फोनचे पैसे मी भरीन."

"फोनात बी सुनंचंच चालायलंय," सटवाजी पुटपुटला.

कासाबाई नोटा कनवटीला खोचून निघाली. सटवाजी मागं.

"थांब की. शेळीचे दात बघून वय काढाया येतंय का तुला?"

"चला मामा," ती न थांबता म्हणाली. "दात तुमी बघा. पैसे मी देते."