पायताण, साहेब!

"पायताण!" एवढा एकच शब्द, आणि बोट तुमच्या पायांकडं. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल मैदानावर चप्पल घालून पाऊल टाकलंत की हे ऐकू यायचंच, मग तुम्ही प्राध्यापक असा नाहीतर पोस्टमन. आता कुणी म्हणत नाही. आता तिथं गाड्या लावतात!

हे म्हणणारे आमच्या मैदानाचे शिपाई. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. सामन्याआधी ओल्या पोत्यानं अख्खं मैदान पुसायचे. इस्लामपूरचा एक खेळाडू बारीक खडीवरून घसरला आणि त्याचा गुडघा कायमचा गेला, तेव्हापासून हा नेम.

गेल्या साली आंतरमहाविद्यालयीन विभागीय स्पर्धा आमच्याकडं होती. मामांच्या उभ्या नोकरीत आमची पोरं पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचली होती, आणि मामा त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. "ह्यो सामना बघितला की मी मोकळा, सर," हे मला दहादा तरी ऐकवलं असेल.

सामन्याला प्रमुख पाहुणे आले. मागं पंधरा-वीस माणसं, सगळ्यांच्या बुटांना उसाच्या रानातली माती. खेळाडूंशी हात मिळवायला निघाले थेट मैदानात. मामा आडवे आले.

"पायताण, साहेब! पोरगं घसरलं म्हंजी?"

पाहुणे हसले, बूट काढून मोज्यांवर आत गेले. संपला की विषय! पण छे. ज्याला बोललं गेलं त्याला राग नाही, आणि नाक कापलं गेलं ते आमच्या प्राचार्यांचं.

"वसतिगृहावर जाऊन बसा. इथं दिसायचं नाही."

"आवं सर, सामना तेवढा बघू द्या की. लय मागं हुबा ऱ्हातो."

"नाही म्हणजे नाही."

वसतिगृहावरून मैदान दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही शिकलीसवरलेली माणसं मुकाट खाली बघत राहिलो. तेव्हाचा संताप अजून माझ्या अंगात आहे, पण तेव्हा तो तोंडातून बाहेर पडला नाही, त्याचं काय करू?

पोरं दोन गुणांनी जिंकली. आभार मानायला माईक माझ्या हातात, मी मराठीचा प्राध्यापक ना! यादीत मांडववाला होता, चहावाला होता, भोंगेवाला होता. मामांच्या नावावर कुणीतरी काट मारली होती. यादी होती तशी वाचली मी.

संध्याकाळी पेढे घेऊन वसतिगृहावर गेलो. मामा पायरीवर बसले होते.

"मामा, जिंकलो!"

"व्हय. भोंग्यावर आलं की ऐकू," पेढा नुसता हातात धरून ते म्हणाले. "समदी नावं ऐकली, सर."