बाळकृष्णांची अदलाबदल

आईने बाळकृष्णाला उठवल्याशिवाय आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, असा नियम होता. विश्रांतवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये देव्हारा स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारी होता. त्यात गणपती होता, अन्नपूर्णा होती, कुलदेवीचा टाक होता. त्यांना आई नमस्कार करायची, पण बोलायची फक्त बाळकृष्णाशी. जेमतेम अंगठ्याएवढा, पितळेचा, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. थंडीत त्याला लोकरीची टोपी असे. बाबांचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता, पण रेडिओ लावण्याआधी तेसुद्धा विचारत, "उठला का?"

समोरच्या दारात एक काकू राहत. आईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलेला मुलगा अंधार पडल्यावरच घरी यायचा. त्यामुळे दिवसभर काकूंना बोलायला आई असायची, नाहीतर त्यांचा बाळकृष्ण. त्यांचाही रांगता, त्यांचाही अंगठ्याएवढा. दोन्ही घरांनी देव तुळशीबागेतच घेतलेले, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं.

माझ्या मामेबहिणीचं लग्न नागपूरला ठरलं. आम्ही तिघं पाच दिवस जाणार होतो. बाकीच्या देवांची आईला काळजी नव्हती. ते समजूतदार होते.

"डब्यात घालून नेऊ की त्याला," बाबा म्हणाले.

"रेल्वेत? तिथे आंघोळ कुठे घालू?"

शेवटी बाळकृष्ण काकूंकडे गेला. सोबत पानभर सूचना. पाणी कोमट, पण मनगटावर ओतून बघायचं. लोण्याला मीठ नको. दुपारी झोपवताना तोंड भिंतीकडे करायचं, नाहीतर तो जागाच राहतो. काकूंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "अहो, मी याच्याआधी एक वाढवलाय."

परत आलो त्या संध्याकाळी काकूंनी तो केळीच्या पानावर आणून दिला. नुसता झळझळत होता. काकूंनी चिंच लावून दोघांनाही लखलखीत केलं होतं. "म्हटलं, पाच दिवस राहिलाय, जरा उजळून पाठवू."

आईने त्याच्याकडे बघितलं, आभार मानले आणि दार लावलं. रात्री ती नीट जेवली नाही. सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे गप्प बसून होतो, तर देव्हाऱ्याकडून काहीच आवाज येईना. मी जाऊन बघितलं. आई पाटावर हात बांधून बसली होती.

"हा आपला नाही."

"कशावरून?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"माझ्याकडे बघत नाहीये."

"नागपूरला नेलं नाही म्हणून रागावला असेल."

आईने ते ऐकलंच नाही. ती तशीच समोर गेली. मी मागोमाग. काकूंना आधी वाईट वाटलं, मग त्या खुर्चीत बसल्या आणि खरं काय ते सांगितलं. दोघांना रोज एकाच ताम्हनात आंघोळ घालत होत्या. शेवटच्या दिवशी मधेच फोन वाजला. परत येऊन पुसायला घेतले तेव्हा आपला कोणता ते डोक्यात पक्कं होतं. "पण तुम्ही म्हणताय तर खरं सांगते, माझाही कालपासून रुसल्यासारखाच वाटतोय."

मग दोन्ही बाळकृष्ण आमच्या हॉलमध्ये टीपॉयवर आले. आईचा म्हणे गालातल्या गालात हसायचा. बघितलं तर दोघंही हसत होते. आईच्या बाळकृष्णाच्या केसांच्या खाचांत वर्षानुवर्षांचं गंध बसलेलं होतं, पण चिंचेने ते साफ निघून गेलेलं. सराफाकडे नेऊन वजन केलं, तर एक थोडा जड भरला. आई म्हणाली, "आमचा जडच होता." काकू म्हणाल्या, "माझ्याकडे लोणी घरच्या दुधाचं असतं." सराफाने वजन पुन्हा करून दाखवलं आणि दुकानात गिऱ्हाइकं थांबलीत याची आठवण करून दिली.

बाबा निवृत्त झाल्यापासून त्यांना एवढं काम कोणी दिलं नव्हतं. निकाल लागेपर्यंत गोंधळ वाढू नये म्हणून त्यांनी चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांवर 'अ' आणि 'ब' लिहून ते देवांच्या पोटाखाली चिकटवले.

"ब कोणाला म्हणायचं?" काकूंनी विचारलं.

"कोणालाही म्हणा. नुसती खूण आहे."

"मग तुमच्याकडच्याला म्हणा."

आई म्हणाली, "आमचा मुळीच ब नाही."

अर्धा तास बोलणं झालं. शेवटी बाबांनी पट्टी सोलून दुसरी लावली. आता एक 'अ' होता आणि दुसराही 'अ'.

रविवारी काकूंचा मुलगा घरी होता, म्हणून त्यालाही बोलावलं. मला आता गप्प बसवेना. गेली अठरा वर्षं मी एक गोष्ट पोटात ठेवली होती.

"आपल्याच्या उजव्या टाचेला पोचा आहे," मी म्हणाले.

आईने वळून बघितलं. "तुला काय माहीत?"

तिसरीत असताना, आई बाजारात गेलेली बघून मी बाळकृष्णाला गॅलरीच्या कठड्यावर रांगवत होते. तो खाली सिमेंटवर पडला. मी धावत जाऊन उचलून आणला, धुतला, जागेवर ठेवला. रात्री आईने त्याला झोपवलं तेव्हा मी पांघरुणात रडत होते. हे सगळं मी आता, सव्विसाव्या वर्षी, चारचौघांत सांगितलं. आईने पहिला बाळकृष्ण उचलला आणि खिडकीपाशी नेला. उजव्या टाचेला पोचा होता.

"सापडला!" बाबा म्हणाले.

काकूंनी दुसरा उचलला. चष्मा वर केला, खाली केला. त्याच्याही उजव्या टाचेला पोचा.

सगळे काकूंच्या मुलाकडे बघायला लागले. एवढा सहा फुटांचा माणूस, गळ्यात कंपनीचं कार्ड घालून रोज दहा जणांवर हुकूम चालवणारा, तो कानापर्यंत लाल झाला.

"अक्रोड फुटत नव्हता," तो म्हणाला.

"कधी?"

"पाचवीत."

"देवाने अक्रोड फोडलास?"

"एकच, आई."

काकू उठून गेल्या. आईही आत गेली. टीपॉयवर दोन अ, आणि त्यांच्याभोवती आम्ही तिघं. बाबांनी पेपर उचलला.

दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आईने स्वतःच दार वाजवलं. दोघांनाही पंधरा-पंधरा दिवस वाटून घेऊ, दर एकादशीला अदलाबदल करू, असं ठरलं. एकादशीला सकाळी दोघी आपापल्या दारातून निघत, जिन्यासमोरच्या चार पावलांत एकमेकींना ओलांडत. हातात बाळकृष्ण, वर बाबांनी धरलेली छत्री. छतातून गळत वगैरे काही नव्हतं, पण काकूंना ते बरं वाटायचं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक खाली उतरताना थांबून हात जोडायचे आणि मग भाजी आणायला जायचे. आई मला म्हणाली होती, निदान महिन्यातले पंधरा दिवस तरी आपला आपल्याकडे असतोच. मग काही महिन्यांनी तिने असं म्हणणं सोडलं. दोघांनाही ती त्याच आवाजात उठवायला लागली. लोकरीची दुसरी टोपी विणली आणि काकूंना नेऊन दिली.

मुलाने हिंजवडीला फ्लॅट घेतला तेव्हा काकूंना जाणं भाग होतं. निघताना दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात होत्या. बाहेर आल्या तेव्हा काकूंच्या हातात एक बाळकृष्ण होता, आमच्या देव्हाऱ्यात दुसरा. कसं ठरवलं, ते दोघींनीही सांगितलं नाही.

पण एकादशी चुकवायची नव्हती. विश्रांतवाडीहून हिंजवडी म्हणजे दोन बस आणि वाटेतली गर्दी. मी एकदा सोबत गेले, तेव्हा पोचायला अडीच तास लागले. बाबा स्टीलचा डबा मांडीवर धरून बसले होते आणि ब्रेक लागला की झाकणावर हात ठेवत होते. काकूंच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने वही पुढे केली.

"किती जण?"

"चौघं," आई म्हणाली.

त्याने आम्हाला मोजलं. मग आमच्या मागे रस्त्यावर बघितलं.

"लिहा चार," बाबा म्हणाले. "एक जण झोपलाय."

त्याने चार लिहिलं आणि बाबांकडे सहीसाठी पेन दिलं. वर काकूंनी दारातच डबा घेतला, उघडला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते आईला नव्हतं, बाबांनाही नव्हतं. "वाळलास रे," असं त्या म्हणाल्या, आणि आम्हाला आत बोलवायला विसरून लोणी काढायला गेल्या.