चिमट्याची वकीलबाई

ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्ट आपल्या खर्चाने वकील देतं. वकीलबाई तेवीस वर्षं हेच काम करत होत्या. त्यातल्या अकरा खटल्यांत आरोपी एकच होता: चिमटा म्हणून ओळखला जाणारा घरफोड्या. कधी तो सुटला, कधी आत गेला. पण दर वेळी आरोपीच्या कठड्यातून आधी विचारायचा, "बाई, गुडघा कसा आहे?" घरात एवढंही कोणी विचारत नसे.

बाराव्या वेळी कारकुनाने त्याची फाईल नव्या वकील मुलीला दिली. तिला उलटतपासणी शिकवली होती ती बाईंनीच. मधल्या सुट्टीत बाईंनी पाहिलं, चिमटा शिपायाला सांगत होता, "आमच्या नव्या मॅडम फार हुशार." बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चोर दुसरीकडे गेला म्हणून एवढा सवतीमत्सर?" रात्री जेवताना नवरा हसला. बाईंनी ताट उचललं.

आरोप असा होता, की चिमटा पाइपवरून चढून दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शिरला. पण तीन वर्षांपूर्वी खांदा निखळल्यापासून त्याचा उजवा हात वर जात नाही, हे बाईंना ठाऊक होतं. दवाखान्याचा कागद त्यांच्याच जुन्या फायलीत होता. तो स्वतः काही बोलणार नव्हता. आपल्याला चढता येत नाही हे चारचौघांत सांगण्यापेक्षा त्याला तुरुंग पत्करला असता.

बाईंनी कागद काढला, वाचला आणि परत ठेवून दिला. हरू दे एकदा हुशार मॅडमना.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मुलगी ऑफिसात त्या पाइपचे फोटो टेबलावर मांडून बसली होती. डोळे सुजलेले.

"ताई, तीन वर्षं जातील हो त्याची. आणि मला काही सुचत नाहीये."

बाई उठल्या, कपाट उघडलं आणि कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

"हा आधी का नाही दिलात?"

"फाईल सापडत नव्हती," बाई म्हणाल्या. कपाटातल्या फायली तारखेवार लावलेल्या होत्या. मुलीने तिकडे पाहिलं आणि कागद आपल्या फायलीत ठेवला.

डॉक्टरची साक्ष झाली, चिमटा निर्दोष सुटला. नव्या मॅडमना त्याने वाकून नमस्कार केला. बाईंजवळ येऊन मात्र तोंड फुगवून म्हणाला, "भर कोर्टात मला लुळा ठरवलंत, बाई." गुडघ्याचं विचारलंच नाही.

बाई तडक कारकुनाकडे गेल्या.

"पुढच्या वेळी त्याची फाईल माझ्याकडे द्या."

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "तो आत्ताच सुटलाय ना? पुढच्या वेळी म्हणजे?"

आपण काय मागितलं ते बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. "काही नाही," म्हणत त्या दिवसभराची यादी घेऊन बाहेर पडल्या. तिसऱ्या कोर्टात एक नवी अशील त्यांची वाट पाहत बसली होती.